आधी वही, मग लाकूड

तळघराच्या पायऱ्या उतरून कोणी पोर आलं की तो आधी उजवा हात पुढं करायचा. शेकहँडसाठी नव्हे. तळवा वर, कंडक्टर पास बघायला मागतो तसा. आणि म्हणायचा, "एर्स्ट हेफ्ट, दान होल्त्स." आधी वही, मग लाकूड.

पोरानं दप्तरातून शाळेची वही काढून त्या तळव्यावर ठेवायची. मग तो कपाळावरचा चष्मा खाली ओढून पानं उलटायचा. आजची तारीख दिसली, खाली पान भरलेलं दिसलं की "गेनाऊ", म्हणजे बरोब्बर, म्हणायचा आणि मागच्या फळीवरचे बूट काढून द्यायचा. वही नसेल तर बूट नाहीत. रडा, रुसा, बापाला बोलावून आणा. एकदा एक बाप खरंच आला, मोठ्या गाडीतून. त्यालाही हात पुढं करून वहीच मागितली.

तुम्हाला वाटेल शाळामास्तर असेल. तसलं काही नव्हतं. श्टुटगार्टजवळ गेर्लिंगेन गावात एका खाणावळीच्या खाली केगेलन खेळायच्या चार पट्ट्या आहेत, त्यांचा तो राखणदार. केगेलन म्हणजे आपल्याकडं मॉलमध्ये बोलिंग खेळतात त्याचा थोरला भाऊ. खुंट्या दहा नसतात, नऊ असतात. चेंडूला बोटं घालायला भोकं नसतात; तळव्यावर तोलायचा, गुडघ्यात वाकायचं आणि लांबलचक पट्टीवरून सोडून द्यायचा. शाळेतली पोरं त्याच्याकडं शिकायला यायची. त्याला सगळी ओपा म्हणायची, म्हणजे आजोबा. त्यात माझी नात रेवाही. मला ती आबा म्हणते. सख्खा आजोबा मी असताना आणखी एक कशाला, असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं.

मी कोण तेही सांगतो. पुण्यात महापालिकेत चावीवाला होतो. गल्लीगल्लीत लोखंडी चावीनं पाणी सोडायचं आणि बंद करायचं, नोकरीची सगळी वर्षं त्यातच गेली. शिक्षण चौथी. मराठी अक्षर लावून लावून वाचतो. कागद वाचायचं काम बायकोचं. लाइटबिल असो, पेन्शनचं पत्र असो, ती मोठ्यानं वाचायची, मी ऐकायचो. पोराचा निकाल लागला की प्रगतिपुस्तक आधी बुद्धांच्या फोटोपुढं ठेवायची, हात जोडायची, मग एकेक विषय मला वाचून दाखवायची. ती गेल्यावर घरात कागद येत राहिले आणि मी ते न फोडता तिच्या फोटोमागं सारत गेलो.

पोरगा गेर्लिंगेनला इंजिनिअर आहे. ती गेली त्या वर्षी त्यानं मला तीन महिन्यांच्या व्हिसावर तिकडं नेलं. तेव्हापासून दर मे महिन्यात जातो. पहिल्या वर्षी मी दिवसभर भिंतीकडं बघत बसायचो. सून म्हणाली, "बाबा, रेवाबरोबर जरा खाली उतरा तरी." म्हणून गेलो.

त्यानं माझ्यापुढंही हात केला. माझ्याकडं कुठली वही? मी माझा हात त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो उलटा केला, चावी फिरवून पडलेले घट्टे अंगठ्यानं चाचपले, मग स्वतःचा तळवा दाखवला. तोही तसलाच. मला बूट मिळाले.

पुढं रोज जायला लागलो. तो त्याच्या गावठी जर्मनमध्ये बोलायचा, मी मराठीत. दोघंही माना हलवायचो. मी थर्मासमधून चहा न्यायचो, तो एक घोट घेऊन डोळे मिटायचा, जसं काही औषध घेतलंय. तरी कप रिकामा करायचा. रेवाला मराठी कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. आम्हा दोघा म्हाताऱ्यांचं काय बोलणं चालतं हे तिला कधी समजलं नाही. मलाही नाही.

जुलैत शाळेला सुट्टी लागली की पहिल्या शनिवारी तो पोरांचा सत्कार करायचा. हार नाहीत, नारळ नाही. पूर्वी खुंट्या लाकडाच्या होत्या. पुढं प्लॅस्टिकच्या आल्या तेव्हा त्यानं जुन्या टाकू दिल्या नाहीत. ज्या पोरानं त्या वर्षी खेळातही नाव काढलं आणि शाळेतही, त्याचं नाव तो तापल्या सळईनं एका लाकडी खुंटीवर उमटवायचा आणि ती भिंतीवरच्या फळीवर मांडायचा. नुसता खेळ चालायचा नाही, नुसता अभ्यासही चालायचा नाही. त्यासाठी त्याचं स्वतःचं एक पिवळं कार्ड होतं. निकालातले आकडे पोरानं त्यावर उतरवायचे, खाली घरच्यांची सही घ्यायची आणि त्याच्या हातावर ठेवायचं. कार्डावर नियम छापलेला होता. तो मला वाचता येत नव्हता.

माझ्या त्या पहिल्या वर्षी पट्टीवर रेवाला तोड नव्हती. चेंडू सोडताना तिचा पाय वाजायचा नाही आणि पलीकडं नऊच्या नऊ आडव्या. तिचं नाव फळीवर लागावं असं मला फार वाटत होतं. बायको गेल्यापासून घरात चांगलं असं काही घडलंच नव्हतं.

सत्काराच्या शनिवारी पोरगा कामासाठी हॅनोव्हरला होता, सून दुपारी येणार होती, रेवा सकाळीच गेलेली. खिडकी लावायला मी तिच्या खोलीत गेलो तर एका पुस्तकाखाली पिवळं कार्ड. आकडे भरलेले, सहीची रेघ रिकामी. वाटलं, पोरगी सही घ्यायला विसरली. आकडे मला कळतात. एक, दोन, दोन, तीन, एक, आणि एका ठिकाणी पाच. सगळ्यात मोठा पाच. पाचपैकी पाच, असं माझं मीच ठरवलं. बाकीच्या एक-दोननं जरा वाईट वाटलं, पण म्हटलं, खेळणारी पोरगी आहे, एका विषयात तरी पैकीच्या पैकी आहे. मी रेघेवर मराठीत सही केली, कोट घातला आणि चालत गेलो.

त्यानं हात पुढं केला. मी कार्ड ठेवलं आणि पाची बोटं पसरून दाखवली.

त्यानं कार्ड बघितलं. मग मला बघितलं, मग माझी बोटं. कार्डाची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं आणि मला पुढच्या रांगेत खुर्ची दिली. हसला नाही. त्याच्या जागी मी असतो तर हसलो असतो.

तीन नावं पुकारली. तीन खुंट्या फळीवर चढल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. रेवाचं नाव आलं नाही. ती बुटांकडं बघत उभी होती.

माझं डोकं फिरलं. ज्या वस्तीत मी वाढलो तिथं शाळेत बक्षिसांच्या वेळी आमच्या पोरांची नावं वाचायची राहून जायची, आणि ती कशी राहतात ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हटलं, इतक्या लांब येऊनही तेच. मी उठलो आणि सगळ्यांदेखत मराठीत म्हणालो, "आमची आहे म्हणून नाव गाळलंस होय रे? कार्ड तुझ्या खिशात आहे. काढ बाहेर."

कोणाला शब्द कळला नाही, पण सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. त्यानं रेवाला विचारलं, आबा काय म्हणतात?

रेवा माझ्याकडं वळली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलली. "आबा, इथं एक सगळ्यात चांगला असतो. पाच म्हणजे नापास. मी ते कार्ड लपवलं होतं."

मी खाली बसलो. बायको असती तर सही करायच्या आधी तिनं कार्ड वाचलं असतं. निदान पोरीला विचारलं असतं.

त्यानं पुन्हा विचारलं. रेवा काहीही सांगून वेळ मारून नेऊ शकली असती. तिनं मी बोललो ते तसंच्या तसं सांगितलं. लोकांचे चेहरे बदलले त्यावरून मला कळलं. त्याचा नाही बदलला. तो फळीच्या टोकाशी गेला, मागं सारलेली एक खुंटी काढली आणि माझ्या हातात दिली. तिच्यावर नाव नव्हतं.

मग तो रेवाशी बोलला आणि रेवानं मोडक्या मराठीत मला सांगितलं. लहानपणी तो याच तळघरात पडलेल्या खुंट्या उभ्या करायचं काम करायचा. तेव्हा यंत्र नव्हतं. संध्याकाळ इथं जायची आणि दुसऱ्या दिवशी वर्गात डोळा लागायचा. आठवीनंतर शाळा सुटली. ही खुंटी त्यानं स्वतःसाठी ठेवली होती, पण दाखवायला कार्ड कुठं होतं?

एवढं सांगून त्यानं माझ्याकडं बोट केलं. "माझा बाप माझ्यासाठी या पायऱ्या एकदाही उतरला नाही," तो रेवाला म्हणाला. "हा उतरला."

कोरी खुंटी मी परत फळीवर ठेवली. घरी जाताना मी रेवाला म्हटलं, चुकलो. ती काहीतरी जर्मनमध्ये पुटपुटली आणि माझ्या कोटाची बाही धरून चालत राहिली.

पुढच्या मे महिन्यात गेलो तर चौथ्या पट्टीशेजारी एक लहान टेबल आलं होतं. चेंडूला हात लावायच्या आधी रेवानं तिथं बसून गणितं करायची. आम्ही दोघं बाकावर. ती वही आणायची, तो पानं उलटायचा, मग वही माझ्याकडं द्यायचा, मीही तितक्याच गंभीरपणे उलटायचो. एकदा ती वैतागून म्हणाली, तुम्हा दोघांना यातलं काही तरी कळतं का? तो म्हणाला, पान भरलंय का रिकामं आहे ते कळतं.

त्या वर्षी तो खोकत होता. जूनमध्ये बाकावर बसल्या बसल्या धाप लागायची. जुलैत दवाखान्यात नेलं.

निकाल लागला. रेवा पिवळं कार्ड घेऊन माझ्याकडं आली, सहीला. मी म्हटलं, आधी वाच. तिनं एकेक विषय मोठ्यानं वाचला, मराठीत, अडखळत. गणिताशी आली आणि म्हणाली, "तीन." मी विचारलं, तीन म्हणजे? म्हणाली, "चालतंय, आबा." मग मी सही केली.

दवाखान्यात आम्ही खोलीत शिरलो तेव्हा तो डोळे मिटून पडला होता. रेवाचा आवाज ऐकला आणि पांघरुणाखालून हात बाहेर आला. तळवा वर. तिनं कार्ड ठेवलं. त्यानं चष्मा मागितला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, तीनवर बोट ठेवलं. "गेनाऊ." खाली माझी सही बघितली. मग शेजारच्या खणातून आधल्या वर्षीचं कार्ड काढलं, घडीवर फाटत आलेलं, आणि माझ्या हातात दिलं. दोन्ही सह्या सारख्याच वेड्यावाकड्या.

सळई कुठं ठेवलीय ते त्यानं रेवाला सांगितलं. आता माझे हात कापतात, तुझं नाव तूच उमटव, म्हणाला. तिनं उमटवलं. शेवटचं अक्षर घसरून खाली गेलं. खुंटी घेऊन आम्ही पुन्हा गेलो. त्यानं अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "गुट होल्त्स." चांगलं लाकूड. केगेलन खेळणारे भेटताना, निघताना हेच म्हणतात. आम्ही निघत होतो.

तो गेल्याचं पोरानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी पुण्यात होतो. फोन ठेवून बायकोच्या फोटोपुढं बसलो आणि तिला सगळं सांगितलं. तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. फोटोमागचे कागद तेव्हा काढले आणि शेजारच्या पोरीकडून एकेक वाचून घेतले.

या मे महिन्यात पुन्हा तळघरात गेलो. आता एक तरुण माणूस आहे तिथं, स्वभावानं चांगला. जो मागेल त्याला बूट देतो. कोऱ्या खुंटीवर म्हाताऱ्याचं नाव घालू का, असं त्यानं पोरांना विचारलं होतं म्हणे. पोरं नको म्हणाली. कार्डाशिवाय नाव नाही. ती खुंटी रेवाच्या खुंटीशेजारी तशीच कोरी उभी आहे.

मी बाकावर बसलो, माझ्या बाजूला. त्याची बाजू मोकळी ठेवली. थोड्या वेळानं रेवा पायऱ्या उतरली. माझ्याहून उंच झालीय आता. ती समोर आली आणि माझा उजवा हात कधी पुढं झाला ते मला कळलं नाही.

ती थांबली. वाटलं, हसेल. तिनं दप्तर खाली ठेवलं, आतून वही काढली आणि माझ्या तळव्यावर ठेवली.

मी चष्मा खाली ओढला. एकेक पान उलटलं, शेवटपर्यंत. सगळी भरलेली होती.

"जा," मी म्हटलं, "बूट घे."