सुतकात लावलेलं खाचर

आई गेली ती ऐन लावणीत. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. खालापूरकडच्या आमच्या गावात खाचराची चिखलणी होऊन पडली होती, रोप हातभर वाढलं होतं आणि घराला सुतक लागलं होतं. बारावं होईपर्यंत शेतात पाय ठेवायचा नाही, असं चुलत्यांनी सांगून टाकलं. तोवर रोप जून होऊन वाया जाणार, हे त्यांना माझ्याहून चांगलं कळत होतं. पडीक जमिनीवर फार्महाउसवाल्यांचा डोळा असतो, आणि त्या लोकांना घरी बोलावून चहा पाजणारे आमचे चुलतेच.

आईने त्यांना कधी दाद दिली नाही. वर्षभर ती साजगावच्या एका कारखान्यात झाडलोट करायची आणि लावणी आली की बिनपगारी रजा टाकून चिखलात उतरायची. मुकादमाने एकदा कामावरून काढायची धमकी दिली. काढा म्हणाली, आणि लावणी उरकून पुन्हा तिथेच झाडू घेऊन उभी राहिली. गावातल्या बायकांची सावड तिनेच बांधली होती. आज सगळ्या मिळून हिच्या शेतात, उद्या तिच्या. जिचं शेत तिच्याकडे दुपारचं जेवण. कुणाची ओळ वाकडी गेली तर आई ती उपटून परत लावायला लावायची. मलाही सोडायची नाही. तोंडाने फटकळच होती, मी तिला उगाच देव्हाऱ्यात बसवणार नाही.

चौथ्या दिवशी मी सावडीतल्या एका म्हातारीकडे गेले. तिथे जमलेल्या बायका बिचकत होत्या. सुतकाच्या शेतात उतरलं तर आपल्या घराला काही होईल, ही भीती. म्हातारीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मग मला म्हणाली, "माझा नवरा गेला तवा तुझी आय तिसऱ्या दिशी माझ्या शेतात उतरली. म्हनली, मानूस गेला, रोप जितं हाय. माझं काय वाकडं झालं गं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी सावड आमच्या खाचरात होती. चुलते छत्री घेऊन बांधावर आले.

"आपल्या घरात असं कंदी कुनी केलं नाय."

"मंग मी केलं म्हनून सांगा, काका. पाप लागलं तर मला लागंल."

एवढं बोलून मी पुढची मूठ सोडली. राग इतका होता की ओळ वाकडीतिकडी गेली. म्हातारीने मुकाट ती उपटली आणि रोप परत माझ्या हातात दिलं.

सुतकाच्या घरचं कुणी खात नाही. म्हणून त्या दिवशी जेवण माझ्याकडे नव्हतं. बायकांनी आपापल्या भाकऱ्या बांधून आणल्या होत्या. बांधावर बसून त्यातलीच अर्धी मला दिली. आई गेल्यापासून मी रडले नव्हते, ते तिथे रडले, तोंडात घास असताना, चांगली हुंदके देऊन.

वर्षश्राद्धाला त्याच खाचराच्या तांदळाचा भात केला. चुलते पहिल्या पाटावर बसले, पोटभर जेवले आणि पुन्हा भात मागितला. मी वाढला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं विचारलं, "काका, सुतकातल्या लावनीचा हाय. आनखी वाढू?"

त्यांनी मान वर केली नाही. पण ताटात एक शीतही टाकलं नाही.