कोणत्या भरतीची तयारी?

अन्याय झाला तो माझ्या खोलीतल्या मुलीवर. बीडच्या आमच्या वसतिगृहात, आम्ही बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी, पहाटे साडेपाचला. ती बुटांच्या नाड्या बांधून फाटकाशी गेली आणि फाटकावरच्या मावशींनी कुलूप उघडलं नाही. एवढंच झालं. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. म्हणूनच त्याची तक्रार कुणाच्या टेबलावर क्षणभरही टिकली नाही, आणि म्हणूनच मी ती इथं मांडते आहे.

ती धारूरच्या बाजूची, डोंगरातली. घर वर, शाळा खाली, त्यामुळं चढ-उतार तिच्या अंगातच मुरलेला. बीडच्या सपाटीवर आल्यावर पाय नुसते शिवशिवतात, असं म्हणायची. उजाडायच्या आत कॉलेजच्या मैदानावर पळून यायची, मग दिवसभर वर्गात जागी असायची. आमच्या वर्गात जागं असणारी माणसं फार नव्हती, शिकवणारे धरूनसुद्धा.

वसतिगृहाचं फाटक चांगलं उजाडल्यावर उघडतं. तोवर मैदान अकॅडमीवाल्यांच्या शिट्ट्यांनी भरून जातं आणि संध्याकाळी तिथं पोरं मोटारसायकली आडव्या लावून मोबाईल बघत बसतात. म्हणजे एकट्या मुलीला पळायला पहाटच उरते. पण पहाटे बाहेर सोडायचं तर पास लागतो, आणि पास फक्त भरतीच्या मुलींना. भरती म्हणजे पोलीस भरती. आमच्या जिल्ह्यात नुसतं 'भरती' म्हटलं की पुरतं.

तिच्याकडं पास होता, कारण घरच्यांनी तिला भरतीचा फॉर्म भरायला लावला होता. सुट्टीत ती चाचणीला गेली. पळायच्या आधी उंची मोजतात. बोटभर कमी भरली. पळूच दिलं नाही. ती वसतिगृहात परतायच्या आधी ही बातमी येऊन बसली होती, आणि रेक्टर मॅडमनी पास रद्द केला होता.

मी तिच्याबरोबर मॅडमकडं गेले. मॅडम चहात बिस्कीट बुडवत होत्या.

"आता कशाला पळतीस? उंचीत बसली न्हाईस ना तू?"

"मला पळायला बरं वाटतं, मॅडम."

मॅडमनी बिस्कीट खाल्लं. मग काळजीनं विचारलं, "शुगर निघाली का गं तुला?"

"न्हाई."

"मग कावून पळायचं?"

हा प्रश्न त्यांनी मनापासून विचारला होता. मला राग त्याचाच येतो. आमच्याकडं माणसानं अंग हलवायला दोनच परवाने आहेत, भरती आणि शुगर. अठरा ते अठ्ठावीस भरती, चाळिशीनंतर डॉक्टरची चिठ्ठी, आणि मधली सगळी वर्षं खुर्ची, पुडी आणि पोट. विनाकारण पळणारा माणूस एक तर येडा, नाही तर घरात भांडून आलेला.

माझा तेलगावचा चुलतभाऊ याचा चालताबोलता नमुना आहे. भरतीच्या दिवसांत तो अंधारात रस्त्यानं पळायचा, उसाच्या ट्रॅक्टरांच्या कडेकडेनं. आई त्याला भिजवलेले हरभरे द्यायची, वडील गावभर सांगायचे. वय निघून गेलं त्या दिवशी त्यानं बूट खिळ्याला टांगले. आता टपरीवर त्याच ट्रॅक पँटमध्ये बसून असतो, नाडी सैल करून. मी एकदा म्हटलं, दादा, जरा पळत जा की. तर म्हणाला, "आता कुणाला दाखवायचं हाय?" बरोबरचे दोघं हसले. त्यातला एक भरतीत लागलेला होता. त्यानंही नेमणुकीचा कागद हातात पडल्यापासून पळणं सोडलं होतं. नापास झालेला बसला आणि पास झालेलाही बसला. बसण्याच्या बाबतीत आमच्याकडं पूर्ण समानता आहे.

कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या सरांकडं आम्ही गेलो, तेव्हा त्यांनीही मॅडमचाच प्रश्न ऐकवला. वर म्हणाले, "ट्रॅक भरतीच्या पोरांना पुरत न्हाई, तिथं तुमी हौसेखातर जागा अडवणार?" हौस हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जणू ती एखादी वाईट सवय असावी. सरांच्या गळ्यात शिट्टी असते. ती वाजलेली मी तीन वर्षांत ऐकली नाही.

आणि याच सरांनी महिनाभरानं कार्यक्रम ठेवला. 'विद्यार्थी आणि आजीवन आरोग्य.' फलक केवढा तरी मोठा, त्यावर पाहुण्यांचा फोटो त्याहून मोठा वाटावा असा. पाहुणे म्हणजे भागातले पुढारी. त्यांच्या गाड्या मैदानावर लागल्या, थेट पळायच्या ट्रॅकवर, कारण सावली तिथंच होती. त्या दिवशी भरतीच्या पोरांनाही सुट्टी. आम्हा सगळ्यांना सभागृहात कोंबलं, हजेरी घेतली, दारं लावली. व्यायामाचं महत्त्व ऐकायला पोरं सकाळपासून दुपारपर्यंत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून होती. पाहुणे उशिरा आले. तरुणांनी घाम गाळला पाहिजे, असं ते म्हणाले, आणि सरांनी पंखा त्यांच्याकडं वळवला.

मग सरांनी सगळ्यांना उभं केलं. हात वर. फोटो निघाला. हात खाली, बसा. आमचं आजीवन आरोग्य तेवढ्यात उरकलं.

कुणाला काही विचारायचंय का, असं रीतीप्रमाणे विचारलं गेलं. रीतीप्रमाणे कुणी उठत नसतं. माझ्या शेजारची ही उठली. तिचा आवाज बारीक, पण सभागृह पेंगत होतं म्हणून नीट ऐकू गेला.

"साहेब, वसतिगृहाचं फाटक पहाटे उघडायला सांगता का? मला पळायला जायचं असतं."

साहेब खूश झाले. माईक ओढून म्हणाले, "शाब्बास. कोणत्या भरतीची तयारी, बाळा?"

"कोणत्याच न्हाई."

सभागृह जागं झालं. आधी मागच्या रांगेतली पोरं हसली, मग सर हसले, मग परवानगी मिळाल्यासारखे सगळेच. साहेबांनी हसू ओसरू दिलं. त्यांना ते जमतं. "मग आधी अभ्यास कर," ते म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्या विषयावर तासभर भाषण झालं, तो विषय सभागृहात उभा राहिला तेव्हा त्याला खाली बसवून टाळ्या.

त्या आठवड्यात मी पत्रक काढलं. 'पळायला कारण लागत नाही.' आमच्या विद्यार्थी संघटनेतल्या मोठ्या दादाला आधी दाखवलं. त्यानं वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "विषय लई बारीक हाय बघ. फी घे, एसटीचा पास घे. पळण्यावर कोण मोर्चा काढतंय?" दादाही टेकून बसलेला होता. मी पत्रक वाटलंच. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये माझी भजी त्याच कागदावर आली, मथळा तेलात न्हालेला. हिनं तो वाचला आणि खोखो हसली. "बघ गं, कुणाच्या तरी कामाला आलं." त्यानंतर मी तिला तशी हसताना फारशी पाहिली नाही.

पत्रकाचा एक परिणाम मात्र झाला. मॅडमनी आम्हाला बोलावून घेतलं. या वेळी गोड बोलल्या. "हे बघ, उगं वाद नको. वनरक्षकाची भरती निघती ना, तिथं उंची कमी चालती. तू तयारी करतीस एवढं लिहून दे. फॉर्म भर नाय तर नको भरू, कोण बघतंय? मी आत्ता पास देते."

मी तिच्याकडं पाहिलं. मला वाटलं, सुटलो. एक ओळ लिहायची आणि फाटक उघडं.

"मला वनरक्षक व्हायचं न्हाई, मॅडम," ती म्हणाली. "मी खोटं कावून लिहू? मी पळती, एवढंच लिहून देते."

"तसं लिहून चालत न्हाई."

"मग राहू द्या."

पासावर 'कारण' असा एक रकाना आहे. त्यात खोटं चालत होतं, खरं चालत नव्हतं. मॅडमना यात काही चुकतंय असं वाटलं नाही. त्यांच्या मते त्या मदत करत होत्या, हट्टी पोरीनं ती नाकारली.

पुढं ती गच्चीवर पळायला लागली. खालच्या खोल्यांतून तक्रार गेली, गच्चीलाही कुलूप लागलं. मग काही दिवस नुसती बूट घालून कॉटवर बसायची, उजाडेपर्यंत. मग तेही थांबलं. तिसऱ्या वर्षी वर्गात पेंगायला लागली, आमच्यासारखीच. परवा फोन केला तेव्हा म्हणाली, जिना चढला की धाप लागते. बूट धाकट्या बहिणीला दिलेत. धाकटी उंच आहे, भरतीची तयारी करते. तिला पास मिळालाय.

तुमची मुलगी, बहीण किंवा भाची जिथं राहून शिकते, त्या वसतिगृहात या आठवड्यात जा. पास मागून बघा. त्यावर कारणाचा रकाना असेल तर तुमच्यासमोर खोडायला लावा, फाटक पहाटे उघडायची वेळ भिंतीवर लिहून घ्या, आणि ते झाल्याशिवाय तिथल्या खुर्चीवर बसू नका. मैदानावर कुणी विचारलंच, कोणती भरती, तर कोणतीच नाही म्हणून सांगा आणि पळा.