मोठ्या अक्षरांची पुस्तकं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गहू निवडणं आणि पुस्तकं निवडणं. दोन्ही एकाच वेळी चाललं होतं. बायकोच्या मांडीवर सूप, समोर गव्हानं भरलेली पोत्याची चुंगडी. खाटेवर नातीची पुस्तकं पसरलेली आणि माझ्या हातात यादी. मी पुस्तकाचं नाव वाचायचं, पुढचं वय वाचायचं, आणि तिनं खडा वेचता वेचता सांगायचं, "भिंतीकडं टाका," नाहीतर "मधात," नाहीतर "उशाकडं." असे तीन ढीग.

यादीतली अक्षरं बारीक. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. एकेक नाव वाचायला मला जेवढा वेळ लागे तेवढ्यात तिचं अर्धं सूप निवडून होई. ती हसायची. म्हणाली, "अवो, तुमच्यानं वाचून होईल तवर लेकरू कॉलेजात जाईन."

मला राग आला. यादी खाटेवर फेकली. "मले का समजते त्यातलं? तुझं तू पाय," म्हणालो आणि पानठेल्यावर जाऊन बसलो.

परत आलो तर गहू कोठीत भरून झाला होता, तीन ढीग नीट लागले होते आणि ती नातीला वाचून दाखवत होती. संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली. दवाखान्याच्या पायरीपर्यंत ती होती.

मग घरात माणसं आली. त्यांना बसायला खाट लागली. कोणीतरी पुस्तकं उचलून कोपऱ्यात ठेवली आणि तिन्ही ढिगांचा एक ढीग झाला. कोणता ढीग कशाचा होता हे मी तिला विचारलंच नव्हतं.

नात आठ वर्षांची. तिला शाळेतून का काढलं ते सांगतो, कारण लोक माझ्या तोंडावरच विचारतात. पोरगी घरी पोपटासारखी बोले आणि वर्गात तोंडातून शब्द काढत नसे. बाईंनी बेंचावर उभं केलं, बाहेर उभं केलं, हजेरीला 'हजर' म्हणेना म्हणून गैरहजर मांडलं. वर्षभरानं ती घरीसुद्धा मुकी झाली. माझी मुलगी समुद्रपूरला कचेरीत कारकून आहे, रोज एस. टी. नं जाते-येते. जावई लांब नोकरीला, महिन्यातून एकदा येतो. मुलीनं कुठून कुठून वाचून ठरवलं की हिला घरीच शिकवायचं, आणि शिकवायचं ते गोष्टींच्या पुस्तकांतून. मोठ्या माणसानं रोज मोठ्यानं वाचून दाखवायचं, लेकरानं ऐकायचं, त्यातूनच भाषा, त्यातूनच इतिहास, त्यातूनच गणितसुद्धा निघतं म्हणे. मी म्हणालो, "हे तर रिकामटेकड्याचं काम हाय." बायको बालवाडीत मदतनीस होती, सातवी पास. ती म्हणाली, "मी आहो ना रिकामी."

आणि खरंच, तिनं वाचायला घेतल्यापासून चार महिन्यांत पोरगी बोलायला लागली. आधी आजीशी, मग माझ्याशी, मग दारावर आलेल्या भाजीवालीशी. भाजीवालीला तर तिनं सांगितलं की तुझे वांगे किडके आहेत.

आजी गेली आणि पोरगी परत गप्प झाली. मान हलवते, बोट दाखवते, झालं. मुलगी म्हणाली, "बाबा, दुसरा अभ्यासक्रम पाहू. नाई जमलं तर सोमवारी शाळेचा फॉर्म भरते. जूनच्या शेवटी शाळा उघडून राह्यल्या, मले काही एक ठरवाच लागते."

तर हे ठरवण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण दिवसभर घरी मी. मुलीनं आणखी दोन याद्या छापून आणल्या. तीन याद्या आणि कोपऱ्यातला तो ढीग घेऊन मी बसलो. एकाही यादीचा दुसरीशी मेळ नाही. जे पुस्तक एकीत सहा वर्षांचं ते दुसरीत नऊ वर्षांचं. एका गोष्टीत मेंढरू बर्फात हरवते. आमच्या पोरीनं बर्फ पाहिला तो रसवंतीवर, पोत्यात गुंडाळलेला. त्यात मेंढरू कसं हरवेल? एक गोष्ट समुद्रावरच्या दिव्याची. हिंगणघाटात बसून समुद्र कुठून दाखवू, वेणा नदीला उन्हाळ्यात गुडघाभर पाणी नसते. गोष्ट वाचण्याआधी लेकराशी काय बोलावं, वाचल्यावर काय विचारावं, हेसुद्धा यादीत लिहिलेलं. 'तुला मेंढराच्या जागी कसं वाटलं असतं?' मी असं विचारलं तर पोरगी मला वेड्यात काढेल, आणि तेही मान हलवून.

आणि एका यादीत सगळ्यात खाली तारा काढून लिहिलेलं: ज्या पुस्तकांत आजारपण किंवा मरण आहे ती दहा वर्षांच्या आधी वाचू नयेत.

मग हिच्या आजीनं दोन वर्षं थांबायला पाहिजे होतं.

ती यादी मी फाडली. मुलीला सांगितलं वाऱ्यानं उडाली.

माझी सगळी हयात जिनिंगमध्ये गेली. कापसाची गाडी आली की मी चिमूटभर कापूस घ्यायचो, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचो आणि धागा किती लांब ते सांगायचो. त्यासाठी कागद लागत नव्हता. मोठमोठे व्यापारी माझ्या अंगठ्याकडे पाहत उभे राहत. मला वाटलं पुस्तकाचंही तसंच असेल, हातात घेतलं की कळेल. म्हणून याद्या बाजूला ठेवल्या आणि एकेक पुस्तक उघडून पाहिलं. कागद पाहिला, चित्रं पाहिली, दोन ओळी वाचून पाहिल्या. जे नीट वाटलं ते उजवीकडे, बाकीचं डावीकडे. दुपारपर्यंत उजवीकडे सात पुस्तकं झाली. फार दिवसांनी काहीतरी काम केल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी मुलगी आली. पिशवीसुद्धा न ठेवता तिनं सातही पुस्तकं चाळली.

"बाबा, हे काऊन निवडले?"

"चांगले हायेत. सोपे हायेत."

"हे तर तीन वर्षांच्या लेकराचे हायेत. हे पाहा, एका पानावर एक ओळ. 'गाय आली. गाय गेली.' ती आठ वर्षांची हाय."

"अक्षर मोठं हाय त्याचं. लहान लेकराले मोठं अक्षर पायजे."

"वाचणार कोण हाय, बाबा? ती का तुमी?"

पुस्तकं मी कापसासारखी निवडली, पण माझ्याच डोळ्यांसाठी.

तिलाही वाईट वाटलं असावं. डावीकडच्या ढिगातून तिनं एक पुस्तक काढलं, मध्यम जाडीचं, लांडग्याच्या गोष्टीचं. "आई हे वाचून राह्यली होती. अर्धं झालं होतं. हेच पुढं वाचा." आणि सैपाकाला लागली.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, दुपारचं जेवण झाल्यावर पोरगी माझ्यासमोर चटईवर बसली. स्वतःहून बसली. पुस्तक पाहिल्याबरोबर तिचे डोळे बदलले. मी चष्मा पुसला आणि जिथं घडी होती तिथून सुरू केलं. "त्या... विस्तीर्ण... माळरानावर... क्षुधेनं... व्याकूळ..." प्रत्येक शब्दाला मी अडकलो. घाम आला. एक पान संपायला एवढा वेळ लागला की तोवर लांडगा उपाशी मेला असता. पोरगी ऐकत होती, मग माझ्याकडे पाहू लागली, मग पुस्तकाकडे.

"आबाजी," ती म्हणाली. किती दिवसांनी म्हणाली! "आजी असं नव्हती वाचत."

"पुस्तकात हेच लिवलं हाय."

"नाई. आजीचा लांडगा म्हणे, मले लय भूक लागली बापा, सकाळपासून पोटात काई नाई. आणि तो पऱ्हाटीतून येत होता."

"पऱ्हाटी कुठं हाय यात? माळरान लिवलं हाय. हे पाय."

"आजीच्या पुस्तकात होती."

आता कापसाच्या शेतातून येणारा, आमच्यासारखं बोलणारा लांडगा कोणता लेखक लिहील? मी ते पान तिच्या नाकासमोर धरलं. दिवसभराची नव्हे, दोन महिन्यांची चीड होती ती. म्हणालो, "मंग तुझी आजी खोटं वाचत होती."

पोरगी उठली आणि पाठ करून भिंतीशी जाऊन बसली. झालं. एवढ्या दिवसांनी तोंड उघडलं होतं ते मी बंद केलं.

मुलगी सैपाकघरातून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, हात पदराला पुसत. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "राहू द्या बाबा. तुमच्यानं होत नाई हे. तुमची चूक नाई. उद्या फॉर्म भरून टाकते." आणि फोनवर शाळेचा नंबर शोधायला लागली.

मी पुस्तक घेऊन अंगणात आलो. लिंबाखाली बसून चाळलं, आता रागानंच चाळलं. तेव्हा दिसलं. पानाच्या कडेला पेन्सिलनं बारीक, पुसट खुणा होत्या; मघाशी ओळींशी झटताना तिकडे नजरच गेली नव्हती. एका परिच्छेदाभोवती कंस, म्हणजे हा सोडायचा. 'विस्तीर्ण माळरान' शेजारी बायकोच्या त्या वाकड्या अक्षरात 'पऱ्हाटी'. 'क्षुधा' शेजारी 'भूक'. कुठं नुसतं 'थांब', म्हणजे इथं थांबायचं, लेकराला विचारू द्यायचं. मी अर्ध्यापासून पुढचंही पाहिलं. शेवटापर्यंत खुणा होत्या. सगळं पुस्तक करून ठेवलं होतं तिनं.

कधी केलं? दिवसभर तर ती माझ्या डोळ्यांसमोर असे.

मी आत गेलो. पोरगी तशीच बसली होती. तिच्या शेजारी बसलो, मीही भिंतीकडे तोंड करून. गुडघे दुखतात, पण बसलो.

"तुझी आजी खोटं नव्हती वाचत," म्हणालो. "मीच बुद्धू हाय. पण मले सांग, ती हे लिवे कवा?"

मग भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "सकाळी."

"सकाळी कवा?"

"चहाच्या आंधी. पाणी तापवता तापवता चुलीपाशी वाचे. मी झोपल्यासारखी करो आणि ऐको. सकाळी पुस्तकातली गोष्ट आणि दुपारी आपली. दोन होत."

आता सांगायला लाज वाटते. सकाळची तिची ती पुटपुट मी सगळा वेळ ऐकली आहे. मला वाटे ती देवाचं म्हणते. अंथरुणातून ओरडायचो, "देवाले ऐकू येते, हळू म्हण, मले झोपू दे." ती आवाज कमी करायची. वाचणं सोडायची नाही.

मुलगी दारात उभी होती, फोन हातात तसाच. मी म्हणालो, "उद्याचं राहू दे. एक पुस्तक तर पुरं होऊ दे. यादीतलं नको, हेच."

"तुमी वाचाल?"

"वाचीन."

"आजच्यासारखं?"

"आजच्यासारखं नाई. आज मी आंधी वाचलं नव्हतं."

तिनं फोन खिडकीत ठेवला आणि पोरीचे केस विंचरायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा अंगणात नुकतं दिसायला लागलं होतं. चुलीत काड्या घातल्या, पाण्यानं भरलेला गंज वर ठेवला. पाट घेतला आणि ती बसायची तिथं बसलो. चष्मा लावला. बोट ओळीखाली धरलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो, पुस्तकात जसं आहे तसं. विस्तीर्णला अडकलो. क्षुधेला अडकलो. मग कडेचं तिचं अक्षर पाहून तीच ओळ पुन्हा म्हणून पाहिली, पऱ्हाटीतून लांडगा आणला. पहिल्यांदा नीट आला नाही.

आत पोरीची चादर डोक्यावरून ओढलेली दिसत होती. हलत नव्हती. झोपलेल्या लेकराची चादर थोडी तरी हलते.

मी ओळ परत सुरुवातीपासून घेतली, जरा आणखी मोठ्यानं.