आमेन कुणाला म्हणायचं

नगर स्टेशनवर मला निरोप द्यायला निम्मी गल्ली आली होती. नुकतंच लग्न झालेलं, आणि ह्यांची नोकरी दिल्लीला, केंद्र सरकारात. गाडी हलली तशी आई खिडकीला धरून चालू लागली. रडत नव्हती, बजावत होती. "तिथं आधी आपली मंडळी शोध. भाजीपाला कुठंही मिळतो."

मंडळी म्हणजे चर्चला जमणारी आपली मराठी ख्रिस्ती माणसं. ती सापडली, पण मूठभर. रविवारी दुपारी हिंदी मंडळीची उपासना आटोपली की त्यांचंच चर्च आम्हाला वापरायला मिळे. आठवडाभर "अच्छा जी, बिल्कुल जी" करून थकलेली जीभ तिथं सैल व्हायची. माझं पहिलं बाळंतपणही मंडळीतल्या कमलताई साळव्यांनी काढलं. तुम्ही नगरकर पत्रातून हळहळलात, पण डिंकाचे लाडू मी कमलताईंच्या तिमारपूरच्या घरचे खाल्ले.

कमलताईंचे यजमान, येशुदास साळवे, पेटी वाजवत आणि आमचे हे गाणं सुरू करून देत. एका रविवारी साळव्यांनी पट्टी इतकी उंच धरली की दुसऱ्या ओळीला अर्धी मंडळी गळाली. ह्यांनी गीत मध्येच थांबवलं आणि आपल्या पट्टीत नव्याने सुरू केलं. साळव्यांनी पेटीचं झाकण लावून टाकलं.

पुढच्या रविवारी साळवे प्रार्थनेला उभे राहिले. डोळे मिटून म्हणाले, "हे दयाळू पित्या, ज्यांना तू सुराचा कान दिला नाहीस, त्यांना निदान मौन दे." सगळे सवयीने आमेन म्हणाले. लगेच हे उठले. "हे प्रभो, पेटीमागे बसलेल्या गर्वाला खाली उतरव." त्यालाही सगळे आमेन म्हणाले.

मग दर रविवारी हेच. एकमेकांशी अक्षर बोलत नसत, सगळं देवामार्फत. एकदा साळव्यांच्या प्रार्थनेला माझ्या तोंडून आमेन निघून गेलं, तर रामकृष्णपुरमला घरी पोचेपर्यंत हे बसमध्ये दुसऱ्या सीटवर बसले. कमलताई आणि मी चर्चमागच्या नळापाशी चोरून भेटू लागलो. मग वेगळी उपासना भरवण्याची भाषा निघाली. मूठभर माणसांचे दोन भाग केले तर उसनं चर्च तरी कोण देणार?

नाताळ तोंडावर होता. आमचे म्हातारे पाळकसाहेब कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशीही शांतपणे म्हणाले, की भावाशी अबोला धरून वेदीपाशी यायचं नसतं. हे दोघे समेट करेपर्यंत प्रभुभोजन, वेदीपाशी मिळणारी भाकर आणि द्राक्षारस, कुणालाच मिळणार नाही. अख्खी मंडळी दोघांकडे बघू लागली.

शनिवारी सकाळी ह्यांनी कोट चढवला, "जरा येतो" म्हणाले आणि गेले. थोड्या वेळाने दार वाजलं. दारात मफलर गुंडाळलेले साळवे. हे घरात नाहीत म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला, पण बसले. चहा झाला, करंज्या झाल्या. एवढ्यात शेजारचे शर्माजी आले, "भाभीजी, आपका फोन."

फोनवर हे. "मी साळव्यांच्या शेजाऱ्याकडून बोलतोय. तो घरी नाही. मला टाळायला मुद्दाम बाहेर गेलाय."

"ते आपल्या घरी करंज्या खातायत," मी म्हटलं.

हे लगेच म्हणाले, "त्याला सांग, मी आधी आलो."

मी साळव्यांना बोलावून आणलं आणि निरोप दिला. ते म्हणाले, घरातून आधी आपणच निघालो होतो, बस मिळाली नाही. कोण आधी निघालं यावर शर्माजींच्या बैठकीत नवं भांडण पेटलं. एकही शब्द न कळणाऱ्या शर्माजींच्या आईला वाटलं, गावाकडे कुणीतरी गेलं. तिने साळव्यांच्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

त्या हाताखाली साळवे थांबले. रिसीव्हर कानाशी तसाच ठेवून त्यांनी डोळे मिटले. "हे पित्या, आम्हा दोघांनाही माफ कर." मग ह्यांचं नाव घेऊन पुढे जोडलं, "सुधाकरला जरा जास्त."

पलीकडून ह्यांचं आमेन इतकं मोठं आलं की ते मलाही ऐकू आलं. शर्माजींच्या आईनेही हात जोडले.

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन झालं. पट्टी उंचच होती. हे दुसऱ्या ओळीला गप्प राहिले आणि तिसरीला सामील झाले.

आता हेही नाहीत, साळवेही नाहीत. मी गुरुग्रामला लेकीच्या सोसायटीत, अठराव्या मजल्यावर असते. नातीला हे सांगताना समेट म्हणजे काय ते तिला कळेना. "आजी, मतलब पसारा समेटना?" तेच गं, पसारा आवरणं, मी म्हटलं.

मागच्या नाताळात नगरला आले होते. तुम्ही मला पहिल्या बाकावर बसवलंत, प्रार्थनेत "दिल्लीहून आलेल्या आमच्या पाहुण्या भगिनीसाठी" आभार मानलेत. मी आमेन म्हटलं, पण मनात खट्टू झाले. माझ्यावर टोमणा मारावा इतकं मला ओळखणारं तिथं कुणी उरलं नव्हतं.