एक लाख कॅसेटींची तक्रार

त्या अर्जाचा कागद आजही माझ्या डोळ्यांसमोर येतो. वहीचं फाडलेलं जोडपान, निळी शाई, आणि खाली सही करताना पेन इतकं दाबलेलं की कागदाला भोक पडलेलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि खरं सांगायचं तर त्यातले बरेचसे विसरलोही. हा साधा अर्ज मात्र विसरलो नाही. यातल्या कुणाचंही नाव मी इथं लिहिणार नाही. तसा त्याचा फारसा उपयोग नाही म्हणा, आमच्या कोल्हापुरात नाव न घेताही लोक माणूस ओळखतात आणि वर त्याच्या आज्याचं नाव आपल्यालाच सांगतात. पण शिस्त ती शिस्त.

निवृत्तीला तीनेक वर्षं उरली होती आणि शहरातल्या एका पेठेचं ठाणं माझ्याकडं होतं. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत बसलो होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार एका गृहस्थाला आत घेऊन आले. साठी उलटलेली, पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत हलगी. हलगी घेऊन ठाण्यात आलेला असा तक्रारदार मी पहिल्यांदाच बघत होतो. मी त्यांना ओळखत होतो. कुस्तीच्या मैदानांवर बंदोबस्ताला असताना त्यांच्या हलगीवर माझेही पाय हलले आहेत, वर्दीत असलो म्हणून काय झालं. जिल्ह्यातले निम्मे हलगीवाले त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. सगळे त्यांना मामा म्हणायचे.

मामांची तक्रार त्यांच्या जिवाभावाच्या मित्राविरुद्ध होती. हा मित्र म्हणजे आमच्या पेठेतला गिटारवाला. हा गडी तरुणपणापासून रॉक वाजवायचा. इलेक्ट्रिकची गिटार, खांद्यापर्यंत केस. ज्या काळात केस वाढवले की लोक ‘कंच्या नाटकात हायस?’ म्हणून विचारायचे, त्या काळातली ही गोष्ट. पण माणूस एकलकोंडा नव्हता. लग्नाच्या बँडबरोबर वाजवलं, भजनी मंडळाबरोबर वाजवलं, एका शाहिराच्या पोवाड्याला साथ केली, सीमेकडच्या एका कानडी गाणाऱ्या बाईंबरोबर चार कार्यक्रम केले. कुणाबरोबरही वाजवायची त्याची तयारी असायची. पण सगळ्यात जास्त सूर जमला तो मामांच्या हलगीशी. तीस वर्षांपूर्वी दोघांनी मिळून एक कॅसेट काढली, फक्त गिटार आणि हलगी. हजार नग छापले. सहा महिन्यांनी गिटारवाल्यानं येऊन सांगितलं की हजारच्या हजार खपल्या, आणि मामांचा निम्मा हिस्सा त्यांच्या हातावर ठेवला.

इथंवर सगळं ठीक होतं. मग गिटारवाल्याची साठी आली. पेठेतल्या तालमीच्या पोरांनी सत्काराचा घाट घातला आणि चौकात फ्लेक्सचा वीस फुटी डिजिटल बोर्ड लावला. त्यावर गिटारवाल्याचा गॉगल घातलेला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत: ‘एक लाख कॅसेटींचा विक्रम’. मामांनी तो वाचला आणि तिथंच हिशेब केला. हजाराचा हिस्सा मला दिला, उरलेल्या नव्याण्णव हजारांचा कुठं गेला? मित्राला जाऊन विचारलं, तर तो म्हणाला हजारच खपल्या. मग बोर्डावर लाख कसे, यावर तो विषय बदलायला लागला. आठ दिवस दोघांचं बोलणं बंद होतं आणि रविवारच्या सत्कारात दोघांनी एकत्र वाजवायचं ठरलेलं होतं.

“पैशाचं सोडा, साहेब,” मामा मला म्हणाले. “तीस वरसं त्यो माझ्या घरात जेवलाय. माझ्या तोंडाकडं बघून खोटं बोललाय. त्येचा जबाब पायजे मला.”

मी चहा मागवला. फसवणुकीची तक्रार असली तरी लगेच गुन्हा दाखल करत नाहीत, आधी अर्जाची चौकशी करतात. मी चौकशी माझ्याकडंच ठेवली. आता कबूल करतो, त्यात थोडी हौसही होती.

सुरुवात बोर्डापासून केली. बोर्ड बनवणाऱ्या दुकानात गेलो. तिथला माणूस छपाईच्या यंत्रावरून मान वर न करता बोलत होता. मी विचारलं, लाखाचा आकडा कुणी दिला? त्यानं सांगितलं की पोरांनी फक्त ‘सगळ्या कॅसेटी खपल्या’ असं लिहून आणलं होतं, किती ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग यानंच लाख टाकले. कारण विचारलं तर म्हणाला, “साहेब, वीस फुटी बोर्डाला हजाराचा आकडा शोभत न्हाय की.”

हे आमच्याकडंच घडू शकतं. आमच्या गावात लाखाखालचा आकडा बोर्डावर चढत नाही, आणि बोर्डावर चढलेला आकडा खोटा मानायची कुणाची प्राज्ञा नाही. मला वाटलं, प्रकरण मिटलं. गिटारवाल्याला समजपत्र पाठवलं, म्हटलं दोन ओळींचा जबाब घेऊ, मामांना वाचून दाखवू आणि रविवारी सत्काराची भेळ खाऊ.

गिटारवाला वेळेवर आला. केस तसेच खांद्यापर्यंत, फक्त पांढरे. त्यानं शांतपणे सांगितलं की हजार कॅसेटी खपल्या, बोर्डाचा आकडा चुकीचा आहे. मी म्हटलं, छान. आता कुठल्या दुकानदारांनी विकल्या त्यांची नावं द्या, दोघा-तिघांचे जबाब घेतो म्हणजे मामांची खात्री पटेल. हा प्रश्न मी केवळ रीत म्हणून विचारला होता. पण त्याचा चेहरा खाडकन उतरला. मग म्हणाला, “लिवा साहेब. लाख खपल्या. मामाचा हिस्सा म्या खाल्ला.”

माझ्या रायटरनं लिहिता लिहिता पेन थांबवलं. अख्ख्या नोकरीत मी आरोपीला आकडा कमी करताना पाहिलं होतं. चोरलेलं सोनं दहा तोळे असलं तरी तो चारच सांगतो. हा बाबा शंभरपट वाढवून सांगत होता. मी त्याला फिरफिरून विचारलं. समजावलं की सही केलीस तर मला गुन्हा दाखल करावा लागेल, कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील, सत्काराचा तर विचारच सोड. तो म्हणाला, चालेल. मग मी चिडलो. मित्राच्या पानातला घास काढून घेणारा माणूस तू, काय म्हणून केस वाढवून फिरतोस, असं बरंच काही बोललो. त्यानं सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते. सही मात्र मी घेतली नाही. उद्या ये म्हणून सांगितलं.

खबर मिळाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तीही खबऱ्याकडून नव्हे. ठाण्याच्या चहाला दूध गडमुडशिंगीहून यायचं. दूधवाला किटली ओतत असताना रायटर त्या जबाबाची हकिकत अंमलदारांना रंगवून सांगत होता. लाख कॅसेटी ऐकून दूधवाल्याला हसू आवरेना. म्हणाला, लाख कशाच्या, गिटारवाल्याची बहीण आमच्याच गावात दिलीय, तिच्या गोठ्याच्या माळ्यावर त्या कॅसेटींच्या पेट्या पडून आहेत, आणि दरसाल शाळूची ज्वारी हुरड्याला आली की ती त्यातल्या काढून रानात बांधते.

मी तडक जीप काढली. गावाबाहेर पोचलो आणि लांबूनच कळलं. अर्ध्या एकराचा शाळू, कणसं भरलेली, आणि रानभर काठ्या रोवून त्यांना तपकिरी टेप ताणून बांधलेली. उन्हात ती चकाकत होती. वारा आला की सगळं रान घूं घूं करत होतं. पाखरं हाकलायची ही युक्ती आमच्याकडच्या शेतकऱ्यांना जुनीच माहीत आहे, पण एवढी टेप एका रानात मी कधी पाहिली नव्हती. बांधावर गिटारवाल्याची थोरली बहीण, आक्का, उभी होती. पोलीस बघून बिचकेल असं वाटलं, तर तिनंच मला दटावलं की बूट काढून या, भिजवलेल्या सरीत पाय घालू नका.

आक्कानं सगळं सांगितलं. हजारातल्या त्रेचाळीस खपल्या होत्या, त्याही पै-पाहुण्यांत. बाकीच्या भावानं तिच्याकडं आणून टाकल्या. मग मामांना दिलेला हजाराचा हिस्सा आला कुठून? तर भावानं आपली परदेशी गिटार विकली. जिच्यासाठी त्यानं सहा वर्षं बँडमध्ये राबून पैसे साठवले होते, ती. त्यानंतरची त्याची गिटार साधीच आहे.

मी विचारलं, मित्राला खरं का सांगितलं नाही?

“कसं सांगणार?” आक्का म्हणाली. “मामाचा बा त्येला म्हनलाता, हलगी मिरवणुकीम्होरं वाजवायची असती, ह्या मशिनीत कोण ऐकणार तुझी? मामानं शपथ घेतलीती, कॅसेट पडली तर परत हलगीला हात लावणार न्हाय. माझ्या भावाला ठावं व्हतं, त्यो शब्दाचा पक्का हाय. मग त्येनं हलगी वाचवली, आन् गिटार घालवली.”

मी बांधावर बसून राहिलो. आता माझी पंचाईत झाली. आक्काचा जबाब नोंदवून मामांना वाचून दाखवावा, तर तीस वर्षं ज्या गोष्टीवर त्यांनी छाती काढून हलगी वाजवली ती गोष्टच कागदावर पुसली जाणार. नोंदवू नये, तर निर्दोष माणसावर गुन्हा दाखल होणार. आक्का म्हणत होती, सांगू नका. तिला म्हटलं, आक्का, तुमचा भाऊ तुरुंगात जायला तयार आहे, पण मी पाठवायला तयार नाही. आणि ठरवलं की कागद काही लिहायचा नाही, माणसं इथं आणायची.

दुपारी दोघांना एकाच जीपमध्ये घातलं. येईपर्यंत एक डावीकडं बघत होता, दुसरा उजवीकडं. रानाशी उतरल्यावर गिटारवाल्यानं एकदा बहिणीकडं पाहिलं आणि डोळे मिटले. मामा सरळ शाळवात गेले. एक टेप बोटांत धरली, सोडली, परत धरली. आक्कानं घरातून एक धड कॅसेट आणली होती. वेष्टनावर दोघांचा फोटो होता, तिशीतले दोघं, एकाच्या हातात गिटार, एकाच्या हातात हलगी.

मामांनी मित्राला एवढंच विचारलं, “किती गेल्या?”

“त्रेचाळीस.”

“आन् माझा हिस्सा?”

उत्तर आक्कानं दिलं, गिटार विकून. मामा मटकन बांधावर बसले. मला वाटलं, चुकलंच आपलं. असं करायला नको होतं, म्हातारा खचला. रायटर उगाच जीपची काच पुसत होता.

तेवढ्यात पलीकडच्या उसावरून पाखरांचा एक थवा उठला आणि शाळवाच्या दिशेनं आला. वाऱ्याची झुळूक आली, टेपा घुमल्या आणि थवा वरच्या वर वळून निघून गेला. पाठोपाठ दुसरा आला, तोही वळला. मामा मान वर करून बघत होते. त्यांनी आक्काला विचारलं की असं दिवसातून किती वेळा होतं. ती म्हणाली, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, आणि हे सात-आठ सालं चाललंय. मामांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि माझ्याकडं वळले.

“मग लाखाचा आकडा बरोबर हाय, साहेब. लाखांनी ऐकलीया आमची कॅसेट. माझी तक्रार न्हाय.”

मग ते मित्राकडं वळले आणि त्याला एक अस्सल कोल्हापुरी शिवी हासडली. ती इथं लिहिता येणार नाही. “गिटार इकलीस व्हय रं?” एवढंच म्हणून त्यांनी त्याला मिठी मारली. दोघं साठीचे बाप्ये हमसून रडत होते आणि आक्का त्यांना ओरडत होती की कणसं मोडतील, बाजूला होऊन रडा.

अर्ज मी दप्तरी दाखल केला. मामांनी जबाबात ‘आकडा मला मान्य आहे’ असं लिहून द्यायचा हट्ट धरला, आणि दिलं. वरिष्ठांनी शेरा मारून विचारलं की आकड्याची पडताळणी कशी केली? मी उत्तर लिहिलं, ‘समक्ष स्थळपाहणी करून’. त्यावर पुढं काही विचारणा झाली नाही. रविवारी सत्कार झाला. तालमीची पोरं बोर्डावरचा आकडा झाकायला निघाली होती, मामांनीच झाकू दिला नाही. त्या दिवशी दोघांनी जे वाजवलं, त्याला नादखुळा याशिवाय दुसरा शब्द नाही.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. आम्हा पोलिसांना नाही म्हणणाऱ्याचा संशय घ्यायची सवय असते. हो म्हणणारा भेटला की आम्ही सुटकेचा श्वास टाकतो आणि कागद पुढं सरकवतो. त्यानंतरच्या तीन वर्षांत कुणी पटकन कबुली दिली की मी आधी विचारायचो, तुझ्या मागं कोण आहे, कुणाला वाचवतोयस? दोन वेळा तरी त्याचा उपयोग झाला. आणि चिडून बोलायच्या आधी एक कप चहा पिऊन घ्यायचो.

त्या दिवशी रानातून निघताना आक्कानं मला चार-पाच हात टेप गुंडाळून दिली. तो मुद्देमाल नव्हता, म्हणून घरी आणता आली. आमच्या अंगणात पेरूचं झाड आहे, त्याला ती बांधली आहे. वारा सुटला की घुमते. सौभाग्यवती म्हणतात, काय उपयोग तुमच्या टेपेचा, पाखरं उडत तर नाहीतच, उलट फांदीवर बसून राहतात.

मी म्हणतो, ऐकत असतील.