नळकाकांचं हँडल

खोल भोक पाडायला घेण्याआधी काका न चुकता नळावर जाऊन यायचे. 'नळावर' हा शब्द खास माझ्यासाठी होता. वर्कशॉपमध्ये मी एकटीच बाई, म्हणून त्यांनी लघवीला जाण्यासाठी हे सभ्य नाव शोधलं आणि मग साऱ्यांनीच ते उचललं. "आधी आपून रिकामं व्हावं, मंग मशीन चालू करावं," असं त्यांचं तत्त्वज्ञान. वेल्डर मंडळींनी त्यांचं नावच 'नळकाका' पाडलं होतं. काका त्यावर रागवायचे नाहीत. हात पुसत शांतपणे ड्रिल मशीनसमोर उभे राहायचे.

हा काही विक्षिप्तपणा नव्हता. शहापूरजवळच्या आमच्या वर्कशॉपमध्ये गिट्टी क्रशरच्या मँगनीज पोलादाच्या प्लेटी यायच्या. हे पोलाद मोठं खट. घासावं तितकं कडक होत जाणारं. ड्रिल खात खात खाली गेलं तर ठीक, पण एका जागी नुसतं फिरत राहिलं, की तिथला थर असा टणक होतो की नवं ड्रिलसुद्धा त्यावरून घसरतं. वीतभर खोल भोकाला पाऊण तास सहज लागायचा आणि तेवढा वेळ काका हँडलवर एकसारखा दाब देत उभे. भोकात साचलेला लोखंडाचा बुरा काढायला ड्रिल वर उचलायचे, पण परत टेकलं की क्षणभरही रिकामं फिरू द्यायचे नाहीत. "टेकलं का खाल्लंच पायजे," ते म्हणायचे. "थांबलं का हे लोखंड रुसते, आन् रुसलं का मंग कोनाच्या बापाचं आयकत नाही."

डिप्लोमा करून मी इथे सुपरवायझर म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांना शहाणपण शिकवायला गेले. "काका, जरा हळू दाबा, ड्रिल मोडेल."

"मॅडम, पुस्तकातलं लोखंड नरम राह्यते," काका म्हणाले. मग मला जवळ उभं करून डोळे मिटायला लावले. "आवाज आयका. कढईत भजे सोडल्यावानी आला पायजे. शिट्टी वाजली का समजा, गेलं."

बाकीचे लोक मला 'हो मॅडम' म्हणून वाटेला लावायचे. शिकवलं ते या एका माणसाने. हँडल मात्र ते कोणाच्याच हातात देत नसत, माझ्याही नाही.

पुढे त्यांची शुगर वाढली. नळावर न जाता पाऊण तास निघेना. सकाळपासून पाण्याचा घोट न घेता ते मशीनवर यायचे आणि ओठ आवळून उभे राहायचे. मला ते दिसत होतं. पण असलं बोलायचं कसं, म्हणून मी गप्प बसले. गप्प बसायची सवय मला तेव्हापासूनच लागली असावी.

एकदा एका मोठ्या प्लेटीला सहा भोकं पाडायची होती. पाच झाली, सहावं अर्ध्यावर आलं, आणि काकांचा चेहरा बदलला. "मॅडम, धरा हे. दाब ढिला सोडू नोका. मी नळावर जाऊन येतो."

मला खोटं सांगवत नाही, मी हरखून गेले होते. तेवढ्यात फोन वाजला. प्लेट ज्याची होती तेच गिऱ्हाईक, कधी देता म्हणून विचारत होतं. फोन मान आणि खांद्यात धरून मी त्याला "होतच आलं" म्हणाले, आणि बोलता बोलता माझा हात सैल पडला. भान आलं तेव्हा भज्यांचा आवाज बंद होऊन शिट्टी सुरू झाली होती. मी घाबरून अंगाचा सगळा भार हँडलवर टाकला. कट्‌ करून ड्रिल मोडलं, अर्धं आतच राहिलं.

काका ओले हात पँटला पुसत धावत आले. त्यांनी माझ्या हातातून हँडल घेतलं, मला बाजूला सारलं, आणि त्याच क्षणी मालक केबिनमधून बाहेर आले.

"काका, अख्खी प्लेट गेली ना! काम सोडून घडीघडी नळावर पळता, मग असंच होणार. तुमच्याकडून आता होत नाही."

साऱ्या वर्कशॉपसमोर म्हणाले. काकांनी फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आता तुमची पाळी, असं पाहिलं. मला चारच शब्द बोलायचे होते. पण इनचार्जच्या जागेसाठी माझं नाव चाललं होतं, आणि बाईच्या हाती मशीन दिलं की असंच होतं, हे साऱ्यांच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती. मी खाली पडलेल्या बुऱ्याकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून काकांना प्लेटींवर रंगाने नंबर टाकायचं काम मिळालं. ते मशीनकडे पाठ करून स्टुलावर बसायचे. महिनाभरात खोली सोडून गावी, सानगडीला निघून गेले. मी इनचार्ज झाले. ती प्लेट मोडक्या ड्रिलसकट अजून कंपाउंडच्या भिंतीशी पडून आहे. मी रोज दुसऱ्या बाजूने आत जाते.

वर्षभराने धीर करून सानगडीला गेले. काका अंगणात बाजेवर बसले होते, वाळले होते. काकू चहा ठेवायला आत गेल्या तशी मी म्हणाले, "काका, ते ड्रिल माझ्या हातून मोडलं."

"मालूम हाय. शिट्टी मले नळावर आयकू आली."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मी तं तुमचीच वाट पाहून राहिलो होतो." मग त्यांनी विचारलं, "मालकाले सांगतलं?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मले सांगाले सानगडीपर्यंत आल्या. मालकाचा केबिन तं तुमच्या टेबलापासून दहा पावलं हाय."

"पाहुणीसंगं असं बोलतेत का?" चहा घेऊन आलेल्या काकू त्यांच्यावर करवादल्या. काका हसले. "घ्या मॅडम, चहा निवते."

परत आल्यावर मी ती दहा पावलं चालले. मालक फोनवर होते, म्हणून मागे फिरले. मग एकदा पाहुणे होते. मग दिवाळी आली. जितके दिवस जात गेले तितकं ते सांगणं कठीण होत गेलं. थांबलं की कडक होतं, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं होतं.

गेल्या महिन्यात काका गेले. मालक आणि मी मालकांच्याच गाडीने सानगडीला निघालो. तासाभराचा रस्ता, गाडीत आम्ही दोघंच. साकोली मागे पडल्यावर मालक अगदी मनापासून म्हणाले, "माणूस हिरा होता. बस, शेवटी मशीनवरचा हात गेला होता त्याचा."

"हो," मी म्हणाले.