लेकीची चोरलेली तीन वर्षं

लेकीचं वय मी शाळेत तीन वर्षांनी कमी लिहवलं होतं. मनीषा लहानपणी सारखी आजारी, त्यामुळं वैजापूरच्या शाळेत आठव्या वर्षी पहिलीत गेली. अंगानं चिमणीएवढी. गुरुजींनी वय विचारलं, मी बिनधास्त सांगितलं, पाच. पुढं लग्नाला बरं पडेल, असा माझा लांबचा डाव. घरी येताना अशी ठुमकत चालले होते, जणू कलेक्टरलाच गंडवून आले. मनीषाला वाटायचं, कागदावर दोन-चार महिने इकडंतिकडं झाले असतील. मीही वाटू दिलं.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस राहिले. जावई बजाजनगरला कंपनीत, त्यांची शिफ्ट सुटेना, म्हणून दवाखान्यात सोबतीला मी. तिसऱ्या महिन्यात डबल मार्कर झाली. या तपासणीत आईचं रक्त, सोनोग्राफी आणि आईचं वय धरून बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता काढतात. डाऊन सिंड्रोम म्हणजे एकविसावं क्रोमोसोम, म्हणजे गुणसूत्र, दोनाच्या जागी तीन. बाळाची वाढ आणि शिकणं सावकाश होतं. रिपोर्ट आला, धोका कमी. मनीषाचा जीव भांड्यात पडला.

मी उगाच विचारलं, यात आईच्या वयाचं काय काम?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, ही तुमच्या पोटात होती तेव्हाच हिची स्त्रीबीजं तयार झाली. त्यांत गुणसूत्रांच्या जोड्या बांधून ठेवलेल्या असतात. वर्षं जातात तशी ती बांधणी सैल होते. मग वाटणीच्या वेळी एखादं गुणसूत्र भलतीकडं जातं."

म्हणजे जुन्या चड्डीच्या इलॅस्टिकसारखं, मी म्हटलं. त्या खळखळून हसल्या. मी हसता हसता थांबले. त्या बीजांनी शाळेचा दाखला थोडाच वाचला होता? गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. पण मनीषा त्या रिपोर्टवर विसंबून घरी निघाली होती.

"बाई, ही छत्तीसची नाय," मी म्हणाले. "एकोणचाळीसची आहे."

दाराकडं निघालेली मनीषा परत खुर्चीत बसली.

खरं वय टाकल्यावर धोका जास्त निघाला. मग ॲम्निओसेंटेसिस, म्हणजे पोटात बारीक सुई घालून बाळाभोवतीचं थोडं पाणी तपासायचं. त्यातही गर्भाला थोडी जोखीम असते, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं. करायचं मनीषानं ठरवलं. रिपोर्ट येईपर्यंतचे पंधरा-वीस दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. गोळी कुठंय, पाणी दे, बस्स.

बायांनो, उशिरा दिवस राहणं हा गुन्हा नाही. या वयातही बहुतेक बाळं धडधाकट जन्मतात. पण डॉक्टरपुढं वय चोरू नका. तिथं कुणी स्थळ घेऊन बसलेलं नसतं.

रिपोर्ट आला. सगळी गुणसूत्रं आपापल्या जोडीत, जागच्या जागी. मी डोळे पुसले. मनीषानं जावयाला फोन केला, कागद पिशवीत घातला. रिक्षा घराकडं, पुंडलिकनगरात वळली तेव्हा कुठं माझ्याकडं बघून म्हणाली, "माझा राग गेला नाय अजून. पण पुढच्या तपासणीला तूच ये सोबत."